साहेब येईपर्यंत

कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची खरी अक्कल मला आमच्या गावी बोरीत, चुलतबहिणीच्या लग्नात आली बघा. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे, अक्षता आमच्या मुठीत घामेजलेल्या, अन् सगळा मांडव पुढारी साहेबांची वाट बघायलेला. तेवढ्यात पुण्याहून मॅनेजरचा फोन.

"तुझा प्रोग्राम सकाळपासून अडकलाय."

"अडकला नाही सर, दुसऱ्या सर्व्हरच्या मेसेजची वाट बघायलाय."

"कधीपर्यंत?"

"येईपर्यंत."

"अरे, टाइमआउट टाकायचा ना! ठरलेली वेळ संपली की वाट बघणं सोडायचं, पुढच्या कामाला लागायचं. एवढं साधं कळत नाही?"

लय लागलं मनाला. नवरीचे वडील, म्हणजे आमचे काका, रस्त्याकडं डोळे लावून उभे होते. म्हणलं, "काका, साहेबांची वाट बघायला काही वेळेची हद्द हाय का न्हाई?"

काका नजर न हलवता म्हणले, "हाय की. पत्रिकेवर मुहूर्त म्हणून छापलीय."