मुद्दाम मळवलेलं कपाट

तुम्ही हसाल, पण आमच्या कर्वेनगरच्या घरात एका कपाटावर पाटी लावलेली आहे, आणि ती माझ्या सासऱ्यांमुळे.

जुन्या लाकडी कपाटाला मी क्रीम रंग दिला, वर पातळ रंगासारखं तपकिरी ग्लेझ फासलं आणि लगेच पुसून काढलं. नक्षीच्या खाचांमध्ये तेवढं ते उरतं आणि कपाट एकदम पुरातन दिसतं. अख्खा रविवार गेला, पण मी इतकी खूश होते की येता-जाता त्याचे फोटो काढत होते. फक्त वरून वॉर्निशचा हात द्यायचा राहिला होता.

संध्याकाळी खडकीहून सासरे आले, आमचे नाना. मी चहा घेऊन बाहेर येते तो नाना ओलं फडकं घेऊन कपाटापुढे उकिडवे बसलेले आणि खाचा अगदी लख्ख.

"अहो नाना, हे काय केलंत?"

"पुसलं. किती वर्षांची घाण होती गं ही?"

"आज दुपारचीच. मीच लावली होती."

नाना फडक्याकडे बघत राहिले. "मुद्दाम?"

मला इतकं हसू फुटलं की चहा बशीत सांडला.

पुढच्या रविवारी सगळं पुन्हा केलं आणि वर पाटी चिकटवली: 'कपाट मुद्दाम मळवले आहे. कृपया पुसू नये.'

नाना परत आले. चष्मा लावून त्यांनी पाटी वाचली, कपाटाला बोटही लावलं नाही आणि चहा पिऊन गेले. ते गेल्यावर बघते तर पाटीखाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात एक ओळ होती:

'पंख्यालाही अशीच पाटी लावावी.'