मीच का धातू?

…नाही, पण तुम्हीच सांगा, दरवेळी मीच का धातू व्हायचं? सोफ्यावर ह्यांची आणि भावजींची जोडी सकाळपासून ऐसपैस पसरलेली, त्यांना केलं ऑक्सिजन, आणि धातू कोण? तर मी आणि जाऊबाई!

त्याचं काय झालं, आमच्या सूनबाईला शाळेत रसायनाचा पाठ घेऊन दाखवायचा होता. पोरगी हुशार हो, पण वर्गापुढे उभी राहिली की आवाज जो घशात जातो तो काही वर येत नाही. दोन शाळांनी "कळवतो" म्हणून सांगितलं, ते अजून कळवतायत! ही तिसरी. म्हणून मी देवापुढे नेम धरला, हिला नोकरी लागेपर्यंत कुणाला "नाही" म्हणायचं नाही. आता नेम देवाला सांगावा, गप्प बसावं… मी घरातही सांगितला! मग काय विचारता? "अगं, चहा?" हो. "वहिनी, एवढ्या शर्टाला इस्त्री?" हो. "आई, तुम्ही मॅग्नेशियम व्हाल?"… हो बाई!

आम्हा दोघींच्या हातात दोन-दोन बटणं दिली. "हे तुमचे बाहेरचे इलेक्ट्रॉन, आई. हे देऊन टाकायचे." म्हटलं, का म्हणून? "धातूचा स्वभावच तो, देऊन मोकळं व्हायचं." आणि ऑक्सिजनचा? "घ्यायचा." घ्या! म्हणजे ह्यांना तर काही शिकवायलाच नको! मग मीच का धातू, ते आलं ना लक्षात?

बरं, ऑक्सिजन हवेत एकटा हिंडत नाही म्हणे, जोडीनं हिंडतो, एकमेकांना घट्ट धरून. हे दोघे भाऊ हातात हात घालून जे बसले ते सुटतायत कसले! "सूनबाई, मॅच संपू दे गं…" ती म्हणाली, "सुरुवातीला थोडी उष्णता द्यावी लागते, आई." तुम्हाला सांगते, दिली मी उष्णता! "अहो, उठताय की टीव्ही बंद करू?" चटकन सुटले! ह्यांनी माझी दोन्ही बटणं लाटली, भावजींनी जाऊबाईंची, आणि देणाऱ्याला घेणारा असा चिकटला… झाला ऑक्साइड! पांढरी भुकटी! बाहेरून कुणी आलं नाही, घरातून कुणी गेलं नाही, माणसं तीच. आधी भाऊ-भाऊ धरून होते, आता नवरा-बायको. जाऊबाई म्हणतात, "एवढ्यासाठी मला गॅस बंद करून बोलावलंत?"

पण तुम्हाला सांगते, पाठाच्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मागच्या बाकावर बसलेल्या. हिचा आवाज निघालाच घशाकडे. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅग्नेशियमची तार जळून राख झाली, मग ही राख तारेपेक्षा जड कशी?" झालं! पुस्तकातलं सगळं विसरली पोरगी, आणि एकदम खणखणीत म्हणते, "सासूबाई एकट्या उभ्या असल्या तर वजन वेगळं, आणि सासरे त्यांच्यावर रेलले की वेगळं!" वर्ग जो हसला… आणि मोठ्या बाईसुद्धा! मग हिनं मुलांनाच पुढे बोलावून जोड्या लावल्या. आवाज परत आत गेलाच नाही. संध्याकाळी शाळेचा फोन. लागली नोकरी! देवाला सोडून कुणाला हात जोडू? जोडले… मोठ्या बाईंनासुद्धा जोडले, मनातल्या मनात.

नेमही फिटला. मग मी हळूच म्हटलं, "सूनबाई, आता तरी मला सोनं कर ना गं. ते म्हणे वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलं तरी ऑक्सिजनला दाद देत नाही. मीच का धातू म्हणून रडणार नाही, पण धातू तरी चांगला दे!" तर हसून जवळ आली, म्हणाली, "आई, सोन्याचं काही होतच नाही हो… मग मी मुलांना शिकवू काय?"

खरंच की! ज्याचं काही होतच नाही, त्याचा धडा कुठला? सोमवारी लोखंड आहे. त्याला ओलावाही लागतो म्हणे. जाऊबाईंना सांगितलंय, त्यांना रडू पटकन येतं. ह्यांना म्हटलं, या सावकाश, लोखंडाला घाई नसते…

बसलेय मी गंजायला.