दात घासल्याचं बक्षीस

आई : नाही हो डॉक्टर, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. रोज दोनदा घासतो आम्ही. सकाळी मी स्वतः उभी असते, रात्री हिचे आजोबा.

डॉक्टर : घोटाळा माझाही होतोय. पुढचे दात कसे चकाचक! आणि मागे तीन दाढा किडलेल्या, चार वर्षांच्या पोरीच्या. चॉकलेटं?

आई : घरात येऊच देत नाही.

डॉक्टर : झोपताना दूध?

आई : छे! घासलं की थेट अंथरुणात.

आजोबा : पेस्टमध्येच भेसळ असणार. आमच्या वेळी कुठं होत्या पेस्टा?

आई : बाबा, तुमच्या तोंडात कवळी आहे.

आजोबा : ते वेगळं, सूनबाई.

डॉक्टर : घासताना त्रास देते?

आई : आधी बोट चावायची. मी संध्याकाळच्या ड्युटीवर जायला लागले आणि रात्रीचं बाबांकडे आलं, तेव्हापासून हाक मारली की धावत जाते म्हणे. काय जादू केली कोण जाणे.

डॉक्टर : काय जादू केलीत, आजोबा?

आजोबा : जादू कसली. पोराला चुचकारावं लागतं. बक्षीस देतो.

आई : कसलं बक्षीस?

आजोबा : चमचाभर मध.

आई : घासण्याआधी ना?

आजोबा : आधी कसं? बक्षीस काम झाल्यावर देतात.

आई : आणि मग चूळ?

आजोबा : चूळ भरली तर चव जाते ना. चमचा चोखत चोखतच झोपते बिचारी.

आई : अरे देवा! डॉक्टर, म्हणजे घासलं म्हणून दाढा किडल्या? आता घासायचं की नाही घासायचं?

डॉक्टर : घासायचंच. घासल्यावर रात्रभर गोड तोंडात राहिलं, म्हणून किडल्या.

आजोबा : पण मध औषधी असतो...

डॉक्टर : घशाला असेल. किडीला मध काय नि साखर काय, सारखंच.

आई : बाबा, मला का नाही सांगितलंत?

आजोबा : पोरगी शहाणी झाली म्हणून तू सगळ्यांना फोन करत होतीस. तुझ्या आनंदावर विरजण कुठं घालू?

डॉक्टर : आज दाढा भरता येतील. पण हे असंच चाललं तर काढाव्या लागतील.

आजोबा : आणि मध बंद केला तर? ती तोंड उघडायची नाही. 'आई कुठाय' म्हणून रडत बसते हो, मला बघवत नाही. चमचा दिसला की तेवढी माझ्याकडे येते.

डॉक्टर : तुमच्याकडचं दुसरं काय आवडतं तिला?

आजोबा : माझ्याकडे काय असणार? ...ही कवळी. ग्लासात ठेवली की टक लावून बघते. 'माझे कधी निघणार' विचारते.

डॉक्टर : मग ठरलं. आधी तिचे दात तुम्ही घासा. नंतर तुमचे तिला घासू द्या. ब्रश वेगळा.

आई : हे... चालतं?

डॉक्टर : बक्षीस काम झाल्यावरच मिळतंय की.

(आजोबा तोंडावर हात ठेवतात.)

आई : काय झालं, बाबा?

आजोबा : काढताना मी तिच्याकडे पाठ करतो गं. असं बोळकं तोंड बघून पोर घाबरली तर?

आई : ती आपल्या घरी आली तेव्हा तिला तरी कुठं दात होते, बाबा?