ब्राउनीची डावी बाजू

आमच्या इराचं सांगतो, चहा घेता घेता ऐका. नात माझी, दर शनिवारी सिंगापुरातल्या बिशानहून घोडेस्वारी शिकायला जाते. तिच्या ब्राउनी घोड्याचा डावा डोळा आजारानं काढायचा ठरला. तबेल्याच्या मालकीणबाईंना घोर लागला, “खड्डा बघून मुलं घाबरली, कुणी बसलंच नाही, तर याला ठेवू कशी?”

घोड्यांच्या डॉक्टरबाई इंग्रजीत सांगत होत्या, इरा मला मराठीत. पापणी शिवून आत सिलिकॉनची गोळी बसवता येते, खड्डा दिसत नाही. पण कधी ती अंगाला मानवत नाही, मग पुन्हा कापाकापी. नाहीतर खोटा डोळा, तो सारखा काढून धुवायचा.

मी कवळी काढून दाखवली. “काढून धुण्याचा वैताग मला विचारा!”

“आजोबा, प्लीज लाह!” इरा इथल्या ढंगात ओरडली. मग म्हणाली, “आत काहीच नको. नुसती पापणी शिवा. त्या बाजूला मी उभी राहीन.”

मालकीणबाई हो म्हणाल्या.

परवा एक चिमुरडी ब्राउनीवर बसली आणि वाकून विचारू लागली, “याचा हा डोळा कुठे गेला?”

डाव्या बाजूनं लगाम धरून चालता चालता इरा म्हणाली, “हा काय, मीच.”