इंदुबाईची मेंढरं आणि करंजाचं तेल

कुंभारवाड्याच्या बसला वेळेवर यायची सवय नसल्यामुळे रामनगरच्या स्टँडवर गणपतीमास्तरांना मागच्या बाकावरचं भांडण सावकाश ऐकायला मिळालं. इंदुबाई आणि तिचा दीर मारुती.

"वैनी, परवा गावानं ठरवलंय. उद्यापासनं तुझी मेंढरं कळपात न्हाईत. गोचीड झालीय त्यास्नी. इंजेक्शन देऊन घे, मग बघू."

"करंजाचं तेल चोळतेय की. गोचीड गळून पडायलीय."

"त्या वासानं आमची मेंढरं बिथरत्यात!"

"मग काय अत्तर चोळू, भावजी?"

"मस्करी नको. पंचांनी सांगितलंय."

"माझी चार मेंढरं एकटी रानात सोडली, तर बिबट्या काय पंचांस्नी इचारून खाईल?"

"त्याला मी काय करू? तुझ्यामुळं समद्यांच्या मेंढरांस्नी गोचीड लागायलीय."

"लागलीय व्हय? मला वाटलंच. म्हणून तर इलाज केला."

"कुणाचा इलाज?"

"तुम्ही काल सासुरवाडीला गेलतासा. राखणीची पाळी माझी हुती. आख्ख्या गावचा कळप दिवसभर माझ्याजवळ. समद्यांस्नी कानापासनं शेपटापर्यंत चोळलं. पैलं तुमच्या एडक्याला."

"माझ्या एडक्याला?"

"शेवटी पंचांची मेंढरं चोळली आन् तेल सरलं बघा. म्हणून आज हा डबा भरून नेतेय."

मारुतीनं डब्याकडं बघितलं आणि नाकाला उपरणं लावलं.

"आता गावाला सांगा, भावजी. वास येतोय त्याला कळपाबाहेर काढा म्हणावं."