मनगटावरची ओळख

शाळेच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी एक आई, तिची न दिसणारी, न ऐकणारी लेक आणि नव्या शिकाऊ बाई बसल्या होत्या.

“आधीच्या बाईंच्या हातात कडं असायचं. त्यावरूनच ही ओळखायची त्यांना.”

“आता कुठे असतात त्या?”

“त्यांचं शिक्षण संपलं, गेल्या. ही अजून जो भेटेल त्याचं मनगट चाचपते.”

“जाताना हिला सांगितलं नाही?”

“हिचं रडणं बघायचं जिवावर आलं त्यांच्या. ही झोपलेली असताना गेल्या. तुमचं एम.एड. कधी संपतंय?”

“उन्हाळ्यात.”

“मग राग मानू नका बाई, पण हिच्या हातात हात देऊ नका.”

“मी नाही दिला, ताई. तिनंच धरलाय मघाशी.”

“सोडवून घ्या.”

“घेतला होता. आता दोन्ही हातांनी धरलाय.”