अर्थिंगचा खड्डा

नात : सांगितलं ना आजोबा, काटा एकतीस टक्के दाखवतोय! काल एकोणतीस होते.

आजोबा : अरे वा. एका रात्रीत दोन टक्के चरबी? तेही रात्री न जेवता? फारच कष्टाळू गं तू.

नात : चेष्टा नको. उद्या सर असल्याच काट्यावर उभं करणार आहेत. अठ्ठावीसच्या वर गेली ती मुलगी रिलेच्या संघात नाही.

आजोबा : पोहणार कोण, मुलगी की काटा?

नात : आजोबा!

आजोबा : बरं, बरं. हा चरबी मोजतो म्हणजे करतो काय? चाचपून बघतो?

नात : तळव्यातून बारीकशी वीज सोडतो. एका पायातून वर, दुसऱ्यातून खाली.

आजोबा : म्हणजे आमच्याच खात्यातला. आणि ती वीज परत येऊन सांगते, ‘साहेब, वाटेत चरबी भेटली होती’?

नात : चरबीतून वीज नीट जात नाही. अडथळा जास्त, म्हणजे चरबी जास्त.

आजोबा : शाबास. मग जाते कशातून?

नात : पाण्यातून. रक्त, स्नायू... जिथे पाणी असतं तिथून.

आजोबा : मी वायरमन होतो तेव्हा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात, तार जमिनीत उतरते तिथे, बादलीभर पाणी ओतायचो. कशाला?

नात : तारेला पालवी फुटावी म्हणून.

आजोबा : आजोबांवर गेलीस. नीट सांग.

नात : माती सुकली की तिच्यातून वीज जात नाही, म्हणून.

आजोबा : मग आम्ही वहीत ‘जमीन लठ्ठ झाली’ असं लिहायचो का?

नात : (हसू दाबत) नाही.

आजोबा : कालपासून पाणी किती प्यालीस?

नात : वजन कमी भरावं म्हणून... दोन घोट. थांबा! म्हणजे पाणी प्यायले नाही म्हणून आकडा वाढला?

आजोबा : काट्याला फक्त अडथळा कळतो. बाकीचं वय, उंची, वजन बघून अंदाजाने ठोकून देतो. शेजारच्या काकूंसारखा.

नात : काकू निदान चहा तरी देतात. मग आत्ता तांब्याभर पिते आणि परत उभी राहते!

आजोबा : पी, पण काट्यासाठी नको. पोटातलं पाणी अंगात मुरायला वेळ लागतो. खड्ड्यातसुद्धा लागायचा.

नात : आणि सर?

आजोबा : उद्या येतो मी. म्हणेन, सर, आधी तुम्ही उभे राहा. एकदा जेवून, एकदा पळून. दोन वेगवेगळे सर निघतील. त्यातला कुठला ठेवायचा ते मुली ठरवतील.

नात : चिडतील ते. काढून टाकतील मला.

आजोबा : टाकतीलही. म्हणून घड्याळ आणतो. तू पोहून दाखव. सेकंदांना अंदाज लागत नाही.

नात : आजोबा... काल पोहताना हातच उचलेना.

आजोबा : पोटभर कधी जेवलीस शेवटची?

नात : मंगळवारी.

आजोबा : आज शुक्रवार आहे, बाळा.

नात : हो.

आजोबा : काटा कपाटावर ठेव आणि दोन ताटं काढ.

नात : तुमचं तर मघाशीच झालं ना?

आजोबा : मी कुठे मोजलंय?